प्रेमकथेतला मुडदा

अहो थांबा, लगेच उठू नका, मी काही विकायला आलेली नाही — एकच विचारते, तुमच्या हातातल्या त्या प्रेमकथेत मध्येच मुडदा निघाला की नाही? — निघाला ना! तरी म्हटलं. मी मघापासून त्या नळापाशी उभी राहून तुमचा चेहरा बघतेय. प्रेमकथा वाचताना माणसाचा चेहरा कसा असतो — जरा सैल पडतो, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा — आणि तुम्ही तर कपाळाला आठ्या घालून, ओठ चावत, पान उलटायच्या आधी मागे वळून बघत होतात. मागे कोण असणार हो, पोरांचे टॉवेल वाळत घातलेत नुसते. सरका जरा, बसते मी. गुडघे बोलायला लागले. तुम्ही इथे असता हे मला लायब्ररीवाल्या काकांनी सांगितलं — मुलीला पोहायला घेऊन येतात म्हणाले, तलावाच्या कठड्यापाशी बाकावर बसून वाचतात, हिरवी पिशवी असते. त्यांच्यावर रागावू नका. एरवी कुणाचं पुस्तक कुणाकडे आहे ते काका मेले तरी सांगत नाहीत. मी हातापाया पडले त्यांच्या. खरंच पडले — काउंटरवर डोकं टेकलं.

तर ऐका. तुम्ही त्या लायब्ररीत नव्या, म्हणून माहीत नसेल — आमचे काका जाड कादंबरी अख्खी ठेवत नाहीत, मधोमध कापतात. म्हणजे कसं, एवढा ठोकळा एकाने नेला की तो तिकडेच अडकून पडतो, आणि म्हातारी माणसं आडवी पडून वाचतात, त्यांच्या नाकावर आपटतो, म्हणून पूर्वार्ध वेगळा बांधायचा, उत्तरार्ध वेगळा. एकाचं पुढचं वाचून होईतो दुसऱ्याचं मागचं. चांगली पद्धत आहे, माझी तक्रार नाही — पण बांधणारा कोण? काकांचा मेहुणा. आणि मेहुण्याला कोण बोलणार? त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तो कबूल करत नाही, काका डॉक्टरकडे नेत नाहीत. त्याने एकाच बैठकीत दोन कादंबऱ्या कापल्या — दोन्ही एकाच प्रकाशकाच्या, एकाच जाडीच्या, आत प्रकरणांचे नुसते आकडे, पानाच्या डोक्यावर नाव नाही की गाव नाही — आणि उत्तरार्धांना पुठ्ठे चढवताना इकडचा तिकडे केला. माझी रहस्यकथा गेली तुमच्या प्रेमकथेच्या पुठ्ठ्यात, आणि तुमचे ते दोघं, हॉटेलच्या गच्चीवर चंद्राकडे बघत बसणारे, ते आले माझ्या गळ्यात. हे काय, आणलेत ना त्यांना. हे घ्या. जसेच्या तसे आहेत, कुठे डाग नाही, कान दुमडलेला नाही. आता माझं मला द्या.

— किती राहिलंय? शेवटची थोडीच पानं? अहो पण पूर्वार्ध तर तुम्ही वाचलाच नाहीत! कोण मेलं, का मेलं, घरात कोण कोण राहतं — काही माहीत नसताना सोडवत नाही? नाहीच सोडवणार. लेखक पक्का आहे तो. नाहीतर हल्लीच्या रहस्यकथा — खून पहिल्या पानावर होतो, आणि मग इन्स्पेक्टर आपला कॉफी पीत बसतो, घटस्फोट झालेल्या बायकोची आठवण काढतो, दारू सोडतो, पुन्हा धरतो. अरे, तिकडे बाई मरून पडलीय, तिचं बघ आधी! हा तसा नाही. हा तुम्हाला घर दाखवतो नीट. कुठली खुर्ची कुठे, कुठल्या कपाला कान नाही, दाराशी कुणाचं काय ठेवलंय — म्हणजे आपण वाचताना आपल्याला — नाही! नाही नाही, सांगू नका! एक अक्षर बोलू नका, हे बघा मी कान झाकले. आमच्या घरात शेवटचं पान आधी कुणी बघत नाही, लग्न झाल्यापासूनचा नियम आहे. पुस्तक खाली पडून शेवटचं पान उघडं झालं तरी डोळे मिटून उचलायचं. — सॉरी, ओरडले मी. ते शिट्टी मारणारे सर पण बघायला लागले. तुम्ही बसा ना. बसा. मी हळू बोलते.

तुमचे ते दोघं? बरे आहेत. म्हणजे — तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मला नाही आवडले. एकतर नायक-नायिकेला नावं द्यायची पद्धतच गेलीय आजकाल, नुसते 'तो' आणि 'ती'. 'तो खिडकीशी उभा होता. ती आली नाही.' कोण तो? कुठली ती? आणि प्रेम म्हणजे काय तर एकमेकांकडे बघत राहायचं आणि कळेल न कळेल असं बोलायचं. कुणाचं पोट बिघडत नाही, कुणी घोरत नाही, कुणाला कामावर उशीर होत नाही. ती बाई ओल्या वाळूतून उंच टाचांच्या सँडल घालून पळते. पळते म्हणजे अख्खं प्रकरणभर पळते! आमचे हे असते तर म्हणाले असते — अगं, पट्टा तुटला का एक तरी? कुठल्या दुकानातून घेतल्यात ते विचार की लेखकाला. — असते तर म्हणजे, आहेत. आहेत हो. असं का बोलले मी. आहेत, घरी आहेत, शेजारच्या वहिनींना बसवून आलेय त्यांच्यापाशी.

आमचे हे बुटांच्या दुकानात सेल्समन. सगळं आयुष्य लोकांच्या पायांशी गुडघ्यावर बसून गेलं, पण त्याचं वाईट नाही वाटून घेतलं कधी — उलट म्हणायचे, तोंड बघून माणूस फसवतो, पायातलं कधी फसवत नाही. कुठलंही पुस्तक असो, ह्यांना आधी पायात काय घातलंय ते पाहिजे. भूत आलं तरी विचारणार, अनवाणी आलं की चप्पल घालून? दुकान उशिरा उघडतं, त्यामुळे आमचं वाचन सकाळी. मी मोठ्याने वाचायचं, ह्यांनी स्टुलावर बसून बुटांना पॉलिश करत ऐकायचं. रोज एक प्रकरण, फार रंगलं तर दोन. मग ते दुकानात, मी माझ्या मशीनवर — लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कमरेत सोडायच्या, तेच आपलं. आणि रहस्यकथा असली की पूर्वार्ध संपल्यावर दोघांनी खुनी कोण ते सांगून मोकळं व्हायचं. हरेल त्याने भांडी घासायची. ह्यांनी भांडी फार घासलीत हो. मी पटाईत. ज्याच्यावर कुणाचा संशय जात नाही त्याच्यावर माझा आधी जातो — मला कुणी फसवूच शकत नाही, असा माझा — असा माझा समज होता.

भयकथा? वाचते ना, का नाही वाचणार. मागे एक वाचली, लिफ्ट आपोआप वरखाली होते आणि दार उघडलं की आत कुणी नाही. आमच्या इमारतीतली लिफ्ट तर भुताशिवायसुद्धा तशीच वागते! आणि एक ती बाहुलीची — बाहुली रात्री जागा बदलते. बदलू दे. घरात लहान मूल असलेल्या बाईला विचारा, काय काय जागा बदलतं ते. मला नाही भीती वाटत असल्या गोष्टींची. मला भीती कधी वाटायला हवी होती सांगू? आमचे हे एक दिवस दुकानातून हसत आले. म्हणाले, अगं आज गंमतच झाली, गिऱ्हाईक समोर बसलेलं, मी माळ्यावरच्या माणसाला ओरडून सांगायला गेलो, खाली टाक रे ते — ते — आणि शब्दच येईना. बूट! बूट हा शब्द येईना ह्यांना! गिऱ्हाइकाच्या पायातल्या बुटाला हात लावून दाखवलं म्हणे. आणि आम्ही दोघं हसलो. हसलो हो आम्ही! मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, म्हटलं आता म्हातारे झालात. मग सुरीला 'ते कापायचं'. मग माझ्या बहिणीला 'ती, तुझी, मोठी'. मग एकदा चहा मागताना पाणी म्हणाले, पाणी दिलं तर चिडले. एवढे धागेदोरे घरात पडलेले — कुठल्याही फालतू कादंबरीतल्या कुठल्याही फालतू इन्स्पेक्टरला दिसले असते. आणि मी, तिसऱ्या प्रकरणात खुनी ओळखणारी, मी हसत होते.

नको, पाणी नको मला. घोटभर द्या. — हं. तर गाठ आहे. डोक्यात, डाव्या बाजूला, इथे, कानाच्या वर. डॉक्टर तरुण आहेत, पण आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, नाही काढली तर ती वाढत जाणार, आणि मग हातात काही राहणार नाही. काढायची तर लवकर. पण जिथे आहे तिथेच माणसाची भाषा असते म्हणे — बोलणं, आणि दुसऱ्याचं बोललेलं समजणं. शुद्धीवर येतील, म्हणाले, जिवाचं बहुतेक निभावेल, पण तुम्ही जे बोलाल ते त्यांना कळेलच अशी खात्री मी देत नाही. म्हणजे बघा — मी वाचत बसायचं आणि त्यांच्या कानावर नुसता आवाज. नळाच्या पाण्याचा असतो तसा. आम्ही दोघांनी ते ऐकून घेतलं, घरी आलो, आणि हे म्हणाले — अडखळत म्हणाले, पण म्हणाले — ही कादंबरी संपवू, मग जाऊ. पूर्वार्ध तेव्हा संपत आला होता. मी म्हटलं संपवू. डॉक्टरांनी उद्याची जागा ठेवलीय. उद्या सकाळी ॲडमिट व्हायचंय, परवा ऑपरेशन.

आणि काकांनी मला उत्तरार्ध दिला. हा. तुमचा. पुठ्ठ्यावर नाव आमच्या रहस्यकथेचं, सुवाच्य अक्षरात. मी वाचायला बसले — 'तो खिडकीशी उभा होता. ती आली नाही.' मला वाटलं, लेखकाने फ्लॅशबॅक टाकलाय, हल्ली टाकतात तसा, वाचकाला जरा भंजाळून सोडल्याशिवाय त्यांना पुस्तक लिहिल्यासारखंच वाटत नाही. म्हटलं येईल पुढे, जुळेल. ह्यांनी पॉलिशचा ब्रश खाली ठेवला. म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा वाचलं. पुन्हा, म्हणाले. ती वाळू, तो चंद्र, ती गच्ची, तिसऱ्यांदा वाचलं. आमच्या गोष्टीत खून झालेल्या मालकीणबाईंचं प्रेत कुठे गेलं, वकील कुठे गेला, काही पत्ता नाही, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही हो — मी आपली लेखकाला शिव्या घालतेय मनातल्या मनात. आणि वर बघते तर हे रडतायत. असा हात केला — संपलं. म्हणाले, नाही कळत. गेलं. गेलं सगळं.

त्यांना वाटलं त्यांच्याच डोक्यात — कळलं ना तुम्हाला? त्यांना वाटलं, जे ऑपरेशननंतर व्हायचं ते आत्ताच झालं. मी वाचतेय आणि त्यांना कळत नाहीये. मी पुढे वाचलं, आणखी वाचलं, म्हटलं कुठेतरी जुळेल, जुळेल — जुळणार काय कपाळ! आणि शेवटचं पान बघायचं नाही हा आमचा नियम, तिथे छापलं होतं पुस्तकाचं नाव, तेवढं बघितलं असतं तर तिथल्या तिथे सगळं निस्तरलं असतं. आज दुपारी बघितलं. लायब्ररीत धावले, काकांनी कपाळावर हात मारला. घरी जाऊन ह्यांना सांगितलं, अहो, बाइंडरने घोटाळा केलाय, ही ती गोष्टच नाही, मलाही कळली नव्हती! तर ह्यांनी माझ्या गालावर थोपटलं. असं — लहान पोर खोटं बोलताना सापडलं की थोपटतात ना, तसं. विश्वासच नाही. त्यांना वाटतंय मी त्यांचं मन राखायला रचून सांगतेय. आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करायला तयार नाहीत. कागद पुढे केला की मान हलवतात. म्हणजे — जे वाचवायचं तेच गेलंय, मग कवटी उघडून घ्यायची कशाला? मी हात जोडले, डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं, पण भिंतीकडे तोंड करून बसलेत. उद्या सकाळी सही झाली नाही तर ती जागा दुसऱ्याला जाईल, आणि मग कधी मिळेल, आणि तोवर ती गाठ काय माझ्यासाठी थांबणार आहे?

म्हणून मला हे पाहिजे. आत्ता जाते, दिवे लागायच्या आत वाचायला बसते, आणि त्यांचं त्यांना कळू दे की कळतंय. एवढंच. तुमची चार पानं मी तुम्हाला उद्या — नाही, उद्या नाही, पण मी देईन, माझ्या हाताने आणून देईन —

देताय? खरंच देताय? अहो — किती उपकार झाले तुमचे. नाही, घेते. घेते ना. जरा हात पुसते. — धरा एक मिनिट. धरा तुमच्याचपाशी.

काय आहे, मी तुम्हाला एक सांगितलं नाही. वहिनींना नाही सांगितलं, डॉक्टरांनाही नाही. समजा मी हे नेलं आणि वाचलं, आणि तरीही त्यांना नाही कळलं, तर? आत्ता निदान बाइंडर आहे शिव्या घालायला. अहो, ते पूर्वार्धातच अडखळत होते. वकील कोण, विचारायचे. मी सांगायचे. पुढच्या पानावर पुन्हा वकील कोण. पुतण्या आणि वकील ह्यांच्यात गोंधळ, नर्स आली की म्हणायचे ही कुठून आली. मग मी — काय केलं, सोपं केलं. वाचता वाचता सोपं करायचे. मोठी वाक्यं तोडायची, दोन ओळी खाऊन टाकायच्या. आणि माणसं कमी केली. एकच कमी केला, खरं म्हणजे. वरच्या मजल्यावर एक भाडेकरू होता. तसाही काही करत नव्हता हो बिचारा! जिना चढायचा, जिना उतरायचा, मालकीणबाईंना गुड मॉर्निंग म्हणायचा. मला वाटलं पानं भरायला घातलाय. हल्ली घालतात असे, पुस्तक जाड झालं पाहिजे ना. त्याचं नाव आलं की मी सरळ पुढच्या ओळीवर. डोळ्यांनी वाचायचे, तोंडाने गाळायचे. ह्यांना पत्ता नाही. ह्यांच्या लेखी त्या घरात वरचा मजलाच नाही.

आता उत्तरार्धात तो आला तर? आला आणि चार शब्द बोलून गेला तर ठीक, तिथेही गाळेन. पण — ऐका, नाव नाही सांगायचं, कुणाचंच नाही. मी विचारते त्याला नुसती मान हलवा. तो भाडेकरू. येतो का पुढे? — येतो. बराच येतो? — असं बघू नका ना माझ्याकडे. त्याचा काही संबंध — त्या मालकीणबाईंच्या —

तोच?

अरे देवा. त्यानेच? — नाही, नियम गेला खड्ड्यात, सांगा. त्यानेच मारलं? वरच्या भाडेकरूने? म्हणजे मी खुनी गाळला. अख्ख्या कादंबरीतून खुनी तेवढा उचलून बाहेर ठेवला आणि नवऱ्याला म्हणतेय, ओळखा बघू कोण! जगात दुसरी कुठली बाई एवढी अक्कल पाजळेल? आणि आता जाऊन वाचू काय? शेवटच्या प्रकरणात एक परका माणूस येणार, ज्याचं नाव त्यांनी जन्मात ऐकलं नाही, तो म्हणणार मीच तो. आणि हे पुन्हा रडणार. पुन्हा म्हणणार, गेलं. ह्या वेळी बाइंडरपण नाही. ह्या वेळी मीच.

काय म्हणालात? — हो, हो, त्यांनी केला होता ना अंदाज. पूर्वार्ध संपला त्या सकाळी म्हणाले, मला कळलं. छाती काढून म्हणाले! कोण, मी विचारलं. तर नाव येईना. मी एकेक नाव घेतलं — पुतण्या? नर्स? वकील? सून? — सगळ्यांना मान नाही नाही. मग माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. आणि पायांकडे दाखवलं. पुन्हा बोट, पुन्हा पाय, आणि दार. मी म्हटलं पाय दुखतायत. चिडले. म्हटलं दुकानात जायचंय का, तर आणखी चिडले. मग मी तेल कोमट करून आणलं आणि पाय चोळून दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच — एक बोट, पाय, दार — पुन्हा तेल. शेवटी गप्पच बसले, पाय पुढे करून. मला रडू येत होतं, म्हटलं आता हे असंच —

थांबा.

थांबा, थांबा. दार. खुनाच्या दिवशी दाराशी काय काय काढून ठेवलं होतं त्याचं वर्णन आहे पूर्वार्धात, अख्खा परिच्छेद आहे, आणि तो मी नाही गाळला — तो कसा गाळेन, ह्यांचा जीव की प्राण! मालकीणबाईंच्या सपाता, नर्सचे पांढरे, पुतण्याचे ते टोकदार, वकिलाचे लेसवाले, सुनेच्या चपला — आणि तपकिरी. तपकिरी बूट, टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. ह्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. तपकिरी कुणाचे? माझ्या गोष्टीत कुणाचेच नाहीत. ज्याचे होते त्याला मी काढून टाकला आणि त्याचे बूट तसेच ठेवले दाराशी! एक बोट, पाय, दार — घरात अजून एकजण आहे, असं सांगत होते ते मला! ज्याचं तू नावच घेतलं नाहीस तो! अहो, वाचणाऱ्या मला कळलं नाही, आणि न सांगितलेला माणूस ह्यांनी नुसत्या त्याच्या — शब्द येत नव्हता हो त्यांना! तेवढा एक शब्द नव्हता! बाकी सगळं होतं! आणि मी तेल चोळत होते!

नको, ठेवा पुस्तक. खरंच ठेवा, वाचा तुम्ही, संपवा. मला नाही लागणार आता. मी जाऊन सांगते ना, अहो, वरचा भाडेकरू! बरोबर होतं तुमचं, मीच चोरून ठेवला होता त्याला! हसतील. आधी रागावतील, मग हसतील. मग सही करतील. लगेच करतील — डोकं शाबूत आहे म्हटल्यावर का नाही करणार, हसत हसत —

— नाही, काही नाही. बसते जरा.

अहो, सगळं आहे हो आत. मी काय समजूत घालत होते स्वतःची, माहितीये? की अर्धं तर गेलंच आहे. जे कापायला जाणार ते तसंही गेलेलंच आहे, मग काय एवढं, निदान माणूस घरी येईल. त्याच्या जोरावर चालले होते मी इतके दिवस. आणि काहीच नाही गेलेलं. तिथेच बसलेत, आत, जसेच्या तसे, मला हाका मारतायत. आणि मी आत्ता जाऊन सांगणार — करा सही. तुम्ही आहात अजून, सगळेच्या सगळे आहात, म्हणून करा. आणि परवा तिथेच सुरी. मग कुणाला वाचून दाखवायचं मी? सांगा ना.

शिट्टी झाली बघा. ती तुमचीच ना, लाल टोपीवाली? केस पुसा तिचे आधी, वारं सुटलंय. — काही नाही गं बाळा, आजीच्या डोळ्यात पाणी उडालं तुमच्या तलावातलं. — जा तुम्ही. नाही, मी जाईन माझी. मला रिक्षा नको, सोबत नको. उठते मी, पाय चालायला लागले की उठते. जा म्हटलं ना.